तिसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर

९ जानेवारी

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखशील आणि न उघडताच चुलीत घालशील, असं आई म्हणाली. मी म्हटलं, घालू दे, तेवढीच ऊब मिळेल तिला. तरीही उघडलंसच, तर नमस्कार.

फोन तू उचलत नाहीस. आधी वाटायचं, छावणीत रेंज नसेल. मग तुझ्याच रांगेतल्या तंबूतून शिवणकामवाल्या मावशींचा फोन आला आणि शब्दन् शब्द खणखणीत ऐकू आला. म्हटलं, समजलं काय ते.

तुझ्या गळ्याचं मावशींनीच सांगितलं. गाठ लिंबाएवढी झालीय, गळ्याला फडकं गुंडाळून फिरतेस, पाणी पितानाही मान तिरकी करावी लागते. तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी तुझं नाव इकडे पाठवलं होतं, जागाही मिळाली होती, आणि तू तपासणीलाच गेली नाहीस. का, तर "मी इथून हलले आणि हे परत आले, तर मला शोधणार कुठे?"

आम्ही निघालो त्या दिवशी तू बसपाशी आली नाहीस. मुलाला आणि भावाला टाकून जाणाऱ्यांशी मला नातं ठेवायचं नाही, असा निरोप पाठवलास. बरं, नको ठेवूस. डॉक्टरला गळा दाखवायला नातं कशाला लागतं?

मला माहीत आहे, एवढी वर्षं तू एका वाक्यावर काढलीस. त्या सकाळी आपण दोघी दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरमागे बसलो होतो. खालच्या फटीतून नुसते पाय दिसत होते. बंदूकवाल्यांनी गल्लीतले सगळे पुरुष तीन ट्रकमध्ये भरले, आणि पायाला प्लास्टर म्हणून दादा सगळ्यात शेवटी, तिसऱ्या ट्रकमध्ये. त्या ट्रकचा ड्रायव्हर चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "डोकं सांभाळा, डोकं सांभाळा." तेव्हापासून तू म्हणतेस, माणसं मारायला नेणारा कशाला त्यांच्या डोक्याची काळजी करेल? नेलंय कुठेतरी कामाला, सुटले की येतील.

मी त्यावर कधी वाद घातला नाही, आजही घालत नाही. एवढंच म्हणते, वाट बघायलाही जिवंत राहावं लागतं.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. नव्याने आलेल्या निर्वासितांची जिथे आरोग्य तपासणी होते, तिथे मी दुभाषी आहे. डॉक्टर बोलले की आपल्या भाषेत सांगायचं, माणूस बोलला की त्यांच्या भाषेत. दादा मला पोपट म्हणून चिडवायचा ना, आता त्याचाच पगार घेते. एकदा तपासणी झाली की त्या माणसाला डोळ्यांच्या दवाखान्यात ने, लशीची तारीख आठवण करून दे, एका डॉक्टरचं दुसऱ्या डॉक्टरला कळव, हेही माझ्याकडेच. म्हणजे अर्धी पोपट आणि अर्धी हमाल.

इथे तुझं सगळं मी बघेन. नुसती ये.

पोपट


३ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तर नाही. ठीक आहे, तुझ्याशी बोलायची माझी सवय मोडलेली नाही.

आईची साखर आटोक्यात आहे. इथल्या आहारवाल्या बाईंनी तिला गोड बंद केलंय. आई समोर मान डोलावते आणि बाहेर आल्यावर मला विचारते, "ती बाई स्वतः एवढी गुबगुबीत कशी?"

या आठवड्यात नवीन माणसं आली, बरीचशी आपल्या बाजूची. तपासणीचा दिवस म्हणजे नुसती जत्रा. उंची, वजन, रक्त, लशी, मग अंगणात उभ्या असलेल्या एक्स-रेच्या गाडीत छातीचा फोटो. त्यानंतर नर्सचे प्रश्न, झोप लागते का, भूक लागते का, घरचं कोण मागे राहिलंय. बोलताना लोक माझ्याकडे बघतात आणि मी सांगते, डॉक्टरांकडे बघून बोला, मी इथे नाहीच असं समजा. मला 'तो म्हणतो' असं म्हणायची परवानगी नाही. माणूस 'मी' म्हणाला की मीही 'मी'च म्हणायचं. गरोदर बाईची मळमळ माझी, म्हाताऱ्याची लघवी माझी. घरी पोचेपर्यंत मी कोण ते धड आठवत नाही.

एक माणूस आला. एकटाच, केस पिकलेले, पण वय तेवढं नसावं. बसला की उजवा पाय हलतो. थरथरत नाही, नुसता पुढचा पंजा खाली दाबला जातो आणि तसाच राहतो. धोब्याची गाडी इंजिन चालू ठेवून दारात उभी होती, तर तो उठून नर्सला हातवारे करायला लागला, बंद करा, बंद करा. एक्स-रेच्या गाडीचं दार ठेंगणं आहे. वाकून चढताना तो मागच्या म्हाताऱ्याला काहीतरी म्हणाला आणि माझ्या हातातली फाइल खाली पडली. कागद चिखलात. नर्स म्हणाली, आज जेवली नाहीस वाटतं.

जाऊ दे. सांगण्यासारखं काही नाही.

सहज विचारते, वहिनी. तो आवाज तुला कितपत आठवतो? परत कानावर पडला तर ओळखशील, इतका?

पोपट


२४ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र मी पाठवणार नाही. पेशंटचं काही बाहेर सांगायचं नाही, असं सही करून दिलंय मी. पण लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल.

तो माणूस गाडीत चढताना म्हणाला, "डोकं सांभाळा."

तसंच. 'डोकं' तुटक आणि 'सांभाळा' लांबवलेलं, लहान मुलाला सांगावं तसं. मी स्वतःला परोपरीने समजावलं. ठेंगणं दार दिसलं की कोण असं म्हणत नाही? आईसुद्धा म्हणते. मग नर्सने विचारलं, तिकडे काम काय करत होतात. तो म्हणाला, ड्रायव्हर, भाजीचा ट्रक. गाव विचारलं, तर आपल्या पलीकडचंच. आणि हे सगळं त्यांच्या भाषेत मी माझ्या तोंडाने सांगितलं. मी ड्रायव्हर होते. माझा भाजीचा ट्रक होता.

प्रश्नांमध्ये एक प्रश्न असतो, तुमच्या डोळ्यांसमोर कोणाला मारलं का? तो म्हणाला, "नाही. मी नाही पाहिलं." त्याचा पाय खाली दाबलेला होता. खोटारडा, असं माझ्या ओठांवर आलं. दुभाष्याने पदरचं काही घालायचं नसतं. मी सांगितलं, नाही, मी पाहिलं नाही.

त्याच्या छातीत क्षय निघाला. सहा महिने औषध, आणि मध्येच सोडू नये म्हणून रोज कोणाच्या तरी समोर गिळायचं. हे 'कोणीतरी' मी. डॉक्टरीणबाईंना मी म्हटलं, या पेशंटला दुसरं कोणी बघा. त्यांनी विचारलं, का? काय सांगणार? म्हटलं, सहजच. त्या म्हणाल्या, "इथे तुमची भाषा बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. फोनवर दुसऱ्या शहरातला दुभाषी मिळतो, पण रोज समोर जाऊन कोण बसणार? पहिल्याच महिन्यात सोडेल तो. तसाच दिसतोय."

म्हणून रोज सकाळी तोंडाला मास्क लावून मी त्याच्या खोलीवर जाते. पलंग, खुर्ची, खिडकी. खिडकी सताड उघडी ठेवायची असा डॉक्टरांचा हुकूम आहे, पण खाली कुठल्याही गाडीचा आवाज आला की तो ती लावून घेतो आणि मी परत उघडते. आमच्यात बोलणं म्हणशील तर हेच. मी गोळ्या तळहातावर ठेवते. तो एकेक उचलून पाण्याबरोबर घेतो आणि तोंड उघडून दाखवतो. त्याच्या घशाचं ते खालीवर होणं मी बघते आणि मला तुझा गळा दिसतो.

पहिल्या दिवशी नर्स बरोबर होती. तिने विचारायला सांगितलं, "गोळ्यांची भीती वाटते का?" मी आपल्या भाषेत विचारलं. तो भिंतीला टेकला. तोंड पांढरंफटक. मग मला कळलं मी काय बोलून गेले ते. औषधाच्या गोळीला आणि बंदुकीच्या गोळीला त्यांच्या भाषेत दोन शब्द आहेत. आपल्याकडे एकच.

तो मला ताई म्हणतो. मी कोण आहे, त्याला ठाऊक नाही. शटरमागच्या आपण दोघी त्याला दिसणार तरी कुठून?


१९ एप्रिल

वहिनी,

हेही पाठवायचं नाही.

औषधाने त्याचा खोकला गेला, ताप गेला, पण वजन वाढेना. झोप नाहीच. काल डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. खोलीत आम्ही तिघंच. त्यांनी विचारलं, रात्री काय होतं? तो म्हणाला, "माणसं येऊन बसतात." कुठे? "खोलीत, भिंतीला टेकून. काही बोलत नाहीत. माना खाली घातलेल्या असतात."

क्षयाच्या औषधाने कधी कधी डोक्यावर परिणाम होऊन असे भास होतात, हे मला माहीत आहे. डॉक्टरांपर्यंत ते पोचलं पाहिजे. 'झोप लागत नाही' एवढंच सांगून मी बाकीचं गिळलं असतं तर कोणाला कळलं असतं, वहिनी? तशाच गोळ्या चालू राहिल्या असत्या आणि हळूहळू तो पार वेडा झाला असता. असं माझ्या मनात आलं. आणि तोपर्यंत माझं तोंड सांगूनही मोकळं झालं होतं, माणसं येऊन बसतात, माना खाली घातलेल्या असतात.

त्यांनी विचारलं, हे कधीपासून?

तो म्हणाला, "गोळ्यांपासून."

मी अडकले. कुठला शब्द वापरू? दुभाष्याला एक मुभा असते, अर्थ लागला नाही तर विचारता येतं. मी विचारलं, "कुठल्या गोळ्या?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग तो बोलायला लागला आणि त्याच्यामागून मी.

मी भाजी घेऊन चालले होते. नाक्यावर ट्रक अडवला, भाजी रस्त्यावर ओतायला लावली आणि एक जण बंदूक घेऊन माझ्या शेजारी बसला. म्हणाला, माणसं न्यायचीत, जवळच. मी माणसं चढवली. ताडपत्रीचा लोखंडी दांडा खाली येतो, सगळ्यांची डोकी आपटतात, म्हणून सांगत होते. सवयच आहे ती. शेवटचा आला त्याच्या पायाला प्लास्टर होतं. त्याला चढता येईना. मी काखेत हात घालून त्याला वर ओढलं. तो म्हणाला, "मघापासून डोकं सांभाळा, डोकं सांभाळा करतोयस, माझा पाय कोण सांभाळणार?" सगळे हसले. मीही हसले.

वहिनी, ते हसणं आपण ऐकलं होतं. आठवतं तुला? अशा वेळी कोणी कसं हसू शकतं म्हणून तू माझं मनगट आवळलं होतंस.

वीटभट्टीपाशी सगळ्यांना उतरवलं. मला सांगितलं, तू केबिनमध्येच बस, इंजिन चालू ठेव, ॲक्सिलरेटर दाबून धर. खालच्या वस्तीला आवाज जाता कामा नये. मी दाबून धरलं. आरशात बघितलं नाही. इंजिनापुढे काहीच ऐकू आलं नाही. मग कोणीतरी बॉनेटवर थाप मारली, सोड म्हणाला. मी रिकामा ट्रक घेऊन परत आले.

मी पाहिलं नाही, असं तो म्हणाला होता ते खरंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, त्याच्यापुढे नाही, माझ्यापुढे. माझा उजवा पाय जमिनीत रुतल्यासारखा दाबलेला होता. उचलता उचलेना.

आज संध्याकाळी मी भांडी घासत होते. आपण काही बोलतोय हे माझ्या लक्षातच आलं नाही. आईने मागून येऊन नळ बंद केला.

"कोणाचं बोलतेयस हे?"

"कोणाचं काय? पेशंटचं. लागते सवय."

"इंजिन चालू ठेवलं म्हणालीस. पायाला प्लास्टर म्हणालीस."

मी तिच्याकडे बघितलं नाही. तिने माझ्या हातातलं पातेलं घेतलं, विसळलं आणि पालथं घातलं.

"मला केव्हाचंच कळलंय गं," आई म्हणाली. "जिवंत असता तर माझ्या पोराने कसंही करून निरोप पाठवला असता. एवढ्या वर्षांत एकही निरोप नाही, यातच आलं सगळं. मी तुमच्यासाठी गप्प होते."

मग ती खोलीत गेली आणि दिवा न लावता बसून राहिली. मी दारात उभी राहिले. आत जायची माझी हिंमत झाली नाही.


११ मे

वहिनी,

या पाकिटात तीन पत्रं आहेत. आधीची दोन ठेवून दिली होती, आता पाठवतेय. आधी ती वाच आणि मग हे. कोणाला तरी जवळ बसवून वाच. मावशींना बसव.

पाठवू शकतेय, कारण त्याने परवानगी दिलीय. आईशी ते बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सांगितलं, तो प्लास्टरवाला माझा सख्खा भाऊ होता. त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, "दोन महिने तुम्ही हे मनात ठेवून त्याला औषध देत होतात?" मी म्हटलं, परवापर्यंत माझी नुसती शंका होती. मग त्यांनी फोनवर परगावचा दुभाषी घेतला, त्याच्याकरवी पेशंटला सगळं सांगितलं आणि विचारलं, यांच्या वहिनी अजून वाट बघतायत, त्यांना कळवू द्याल का? मी बाहेर बाकावर होते. मग त्याचा आवाज आला, "कळवा." त्या भासांवरही उपाय सुरू झालाय, त्यासाठी वेगळे डॉक्टर आहेत. एक गोळी बदलली आणि एक वाढवली.

दुसऱ्या सकाळी त्याने दार उघडलं नाही. तिसऱ्या सकाळी नर्सला पाठवलं, तिलाही उघडलं नाही. चौथ्या दिवशी मी परत गेले.

"ताई, तुमच्या हातून नको," तो आतून म्हणाला.

"मग नर्सच्या हातून घ्या."

"कोणाच्याच नको. तुमच्याकडे बघून घशाखाली पाणी उतरत नाही. आणि बरा होऊन तरी मी करू काय?"

मी पायरीवर बसले. तुझ्याशी खोटं बोलणार नाही, मला आत कुठेतरी बरं वाटलं. उठून जावं, नकार दिला म्हणून नोंद करावी, कोणी मला बोल लावला नसता. औषध असं अर्धवट सोडलं की रोग मुरतो, मग कशालाच दाद देत नाही. आणखी वर्षभराने कुठल्यातरी दवाखान्यात कोपऱ्यात खोकत मेला असता. मी उठलेसुद्धा. दोन जिने उतरले. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू केली आणि वरून खिडकी लावल्याचा आवाज आला.

मी परत वर गेले. दारावर मूठ आपटली.

"ऐका. तुमच्या ट्रकमध्ये किती माणसं होती?"

मी परत मूठ आपटली.

"त्या सगळ्यांच्या घरी कोणीतरी वाट बघतंय. माझी वहिनी गळ्यात गाठ घेऊन बसलीय, नवरा यायचाय म्हणून ऑपरेशन करून घेत नाहीये. भट्टी कुठली, कुठल्या बाजूला, हे आख्ख्या जगात तुम्ही एकटे सांगू शकता. आणि तुम्हाला मरायचंय? आधी सांगा. सगळ्यांना सांगा, लिहून द्या. मग तुमच्या जिवाचं काय करायचं ते करा. तोपर्यंत तुम्हाला ती मोकळीक नाही."

मी किती ओरडत होते, ते शेजारची दारं उघडली तेव्हा मला कळलं. भाषा कोणालाच कळत नव्हती. सगळे आपले बघत उभे.

त्याने कडी काढली. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः जमिनीवर बसला. मी गोळ्या मोजून हातावर ठेवल्या. एक खाली पडली. त्यानेच ती शोधली, फुंकर मारली आणि तोंडात टाकली.

मग तो म्हणाला, "ते मला म्हणाले होते, उपकार झाले."

"कोण?"

"तुमचे भाऊ. मी वर ओढलं तेव्हा. भट्टीपाशी उतरवतानाही मीच हात दिला. तेव्हाही म्हणाले."

त्याने माफी मागितली नाही. मागितली असती तर काय बोलले असते, माहीत नाही. मी तोंड उघडून दाखवायला सांगितलं. त्याने दाखवलं.

आता तुझं. तुझी ती आशा मी मोडतेय आणि माझ्याकडे तुला द्यायला दुसरं काही नाही. रागाव, शिव्या दे. पण ये, वहिनी. तुझी जागा अजून रद्द झालेली नाही, मी विचारून घेतलंय. आईनेही सांगितलंय, तिला म्हणावं, माझं एक पोर गेलं, दुसरं तिथे का ठेवू?

पोपट


२ जुलै

वहिनी,

शेवटी तू फोन उचललास, पत्रं वाचली म्हणालीस. मग तू विचारलंस, "त्यांचं प्लास्टर काढलं होतं का कोणी?" मी म्हटलं, नाही, तसंच होतं. "खाज यायची त्यांना त्यात. विणकामाच्या सुईने खाजवत बसायचे," असं म्हणालीस आणि फोन ठेवलास. मग मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

आणि परवा मावशींचा फोन, तू तपासणी करून आलीस, रक्त दिलंस, एक्स-रे काढलास. विमानाची तारीखही आली म्हणे. मी केंद्रात सगळ्यांना सांगत सुटले.

त्याने जबाब दिला. बेपत्ता माणसांचा शोध घेणारं एक कार्यालय आहे, तिथली दोन माणसं आली होती. भट्टीचा नकाशा काढून दिला, चिमणी कुठे, विहीर कुठे, ट्रक कुठे उभा होता. दुभाष्याचं काम मला करू दिलं नाही, नातेवाईक आहे म्हणून. तिकडची परिस्थिती निवळली की खणतील असं म्हणतात. कधी, ते कोणी सांगत नाही. आणखी तीन घरांना पत्रं गेली आहेत.

माणसं अजून त्याच्या खोलीत येऊन बसतात. रोज येत नाहीत आता. वजन थोडं वाढलंय. थुंकी दोनदा तपासली, स्वच्छ आहे, त्याच्यापासून आता कोणाला धोका नाही.

तू येणार हे कळल्यावर त्याने डॉक्टरीणबाईंकडे बदली मागितली, दुसऱ्या शहरात. म्हणाला, त्या येतील तेव्हा मी या रस्त्यावर नको. कागद तयारही झाले होते. पण तिथे नवीन दवाखाना, नवीन माणसं, आणि असल्या बदलीत मध्येच औषध तुटलेले किती तरी मी बघितलेत. मी त्याला म्हटलं, कोर्स संपेपर्यंत जाऊ नका. त्यांना तोंड दाखवायचं की नाही, ते त्या ठरवतील, तुम्ही नाही. तो थांबलाय. तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

आता कामाचं. येताना गरम कपडे अंगावरच घाल, सामानात नको. छावणीतले सगळे रिपोर्ट हातातल्या पिशवीत ठेव. इथे आल्यावर परत रक्त घेतील, उपाशीपोटी राहावं लागेल, आई आत्तापासून त्यावर कुरकुरतेय. गाठीचे डॉक्टर पोक्त आहेत, हात हलका आहे. ऑपरेशननंतर थोडे दिवस आवाज बसेल, घाबरू नकोस. तुझ्या तपासणीला मला आत येता येणार नाही, फोनवरची एक बाई तुझं बोलणं सांगेल. तिला जे सांगशील ते तुझं, मी कधी विचारणार नाही.

तुझी खाट आईने खिडकीपाशी लावलीय. तो रस्त्याच्या पलीकडे राहतो, बेकरीच्या वर. भेटायचं असेल तर मी घेऊन जाईन, नसेल तर त्या बाजूने आपण जायचंच नाही. फक्त सकाळी त्याच्या औषधाच्या वेळेला मला हाक मारू नकोस. तेवढं करून मी लगेच घरी येते.

पोपट